दुसरा सिलिंडर

मळेवाल्यांच्या इंजिनाचा ब्लॉक भर उन्हात आला. टेम्पोच्या मागे गोणपाटावर तो आडवा ठेवला होता, दोऱ्यांनी आवळलेला, आणि मळेवाले स्वतः त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते. एक हात ब्लॉकवर, दुसऱ्याने डोक्यावर वर्तमानपत्र धरलेलं.

"धाकटे मिस्त्री आहेत का?" त्यांनी टेम्पोतूनच हाक मारली.

काका बाहेर आले. बाबा गेल्यावर धाकटं म्हणायला कुणी थोरलं उरलं नव्हतं, पण लोकांच्या तोंडी बसलेला शब्द तसाच होता. काकांनी दोऱ्या सैल करून ब्लॉक पाहिला. मीही ओळखला. नदीवरच्या पंपाचं इंजिन. दोन सिलिंडरचं. वरच्या टेकाडावरच्या सगळ्या वावरांना त्याच एका इंजिनाचं पाणी जायचं.

"काय झालं?"

"काय झालं विचारू नका. पांढरा धूर ओकायला लागलं. तळाचा बोल्ट काढला तर ऑइल कुठलं हो, दुधाचा चहा निघाला. पाणी शिरलंय आत. वर पीक उभं आहे, नदी रोज आटतेय, आणि हे इंजिन झोपलं."

साखळी लावून काकांनी ब्लॉक उतरवला. कप्पी करकरली. मी ब्लॉकला हात देऊन तो बाकाकडे वळवला. लोखंड उन्हाने इतकं तापलं होतं की मला तळवा बदलत राहावा लागला.

मळेवाले उतरले, पाणी प्याले, तोंड पुसलं. पाण्याचा तांब्या परत देताना म्हणाले, "मी काही म्हणत नाही. पण लोक म्हणतात."

"काय म्हणतात?" आईने आतून विचारलं. गॅरेज आणि घर यांच्यामध्ये आमच्याकडे एकच दार आहे, आणि ते कधी लावलेलं नसतं.

मळेवाल्यांनी चपलेच्या टोकाने जमिनीवरचा एक नट सरकवला. "थंडीत मिस्त्रींनी बांधलं होतं ना, वहिनी. त्यांचं शेवटचं काम. लोक म्हणतात, तेव्हा त्यांचा हात राहिला नव्हता. आजारी माणसाकडून काम घेतलंत, भोगा आता. असं म्हणतात. आता मी कुणाकुणाच्या तोंडाला हात लावू?"

काकांचा चेहरा उतरला. आई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात भांडं घासायचा चोथा होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही काय म्हणता?" ती म्हणाली.

"मी उद्या संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलंय. तोवर बघून सांगा. ब्लॉक जगणार असेल तर बरंच. नाहीतर देतो त्याला, आणि शहरातून दुसरा आणतो." जरा थांबून ते म्हणाले, "आणि मग बाकीचेही आपापली इंजिनं शहरातच नेतील, वहिनी. ते मला थांबवता यायचं नाही."

ते गेले. टेम्पोची धूळ बराच वेळ दारात तरंगत राहिली.

आमच्या गॅरेजात बाबांनी घातलेला एक नियम होता. ज्याने काम केलं त्याने ते तपासायचं नाही. "माझ्या हाताला माझंच काम बरं लागणार," असं ते म्हणत, "मला विचारून काय उपयोग?" म्हणून सिलिंडर घासून झाला की ते आईला हाक मारत. आई हातातलं काम टाकून यायची, हात साबणाने धुवायची, कोरडे करायची, डोळे मिटायची आणि उजव्या हाताचं पहिलं बोट सिलिंडरमध्ये वरून खाली फिरवायची. चारी बाजूंनी. डोळे उघडे असले की माणूस जे बघायचं तेच बघतो, असं बाबांचं म्हणणं. गेज नंतर, बोट आधी. बोट फिरवून झालं की आई दोनच उत्तरं द्यायची. "बरं आहे," किंवा "अजून एकदा." अजून एकदा म्हणाली की बाबा कधी वाद घालत नसत, का म्हणूनही विचारत नसत. होन पुन्हा उचलायचे. होन म्हणजे सिलिंडरच्या आत फिरवायचं, घासायचे दगड बसवलेलं हत्यार; हातात धरलं की मनगट खेचतं. मी त्या आवाजात मोठी झाले, त्या आवाजात अभ्यास केला, आणि तो आवाज नसलेल्या शहरात, एका ग्रंथालयात, नोकरीला लागले. बाबा गेले तेव्हा आले ती अजून परतले नव्हते.

रात्रीच्या जेवणाला काका फारसे जेवले नाहीत.

"वहिनी, तपासायचं कुणी?" ते म्हणाले. "सिलिंडर दादाने केले, पास तुम्ही केले, नदीवर इंजिन जोडलं मी. आपल्यातलं कुणीच चालत नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. ताटातला शेवटचा घास निपटत म्हणाली, "ही आहे ना."

"हिला किती वर्षं झाली बोट लावून!"

"पोहणं विसरतं का कुणी?"

लहानपणी आई मला जुन्या, फेकलेल्या सिलिंडरांवर बसवायची. डोळे मिट, सांग काय लागतं. मला ते खेळासारखं वाटायचं. काठाला उंचवटा लागतो, खरखर लागते, इथे गुळगुळीत आहे. बरोबर सांगितलं की ती माझ्या नाकाला काळं बोट लावायची.

मला भीती ब्लॉकची नव्हती. बाबांच्या शेवटच्या कामात बोट घालून काय हाताला लागेल, याची होती.

सकाळी उन्हं यायच्या आत कामाला लागलो. आधी धुणं. काकांनी पत्र्याच्या टबात रॉकेल ओतलं. मी पत्र्याच्या पट्टीने जोडावरच्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे खरवडले, तारेच्या ब्रशने पाण्याच्या वाटा मोकळ्या केल्या. त्यातून तांबूस गाळ निघाला, नदीचा. नखांत गेला, कोपरापर्यंत उडाला. पाठ भरून आली. आईने मध्येच येऊन माझे केस मागून घट्ट बांधले.

धुऊन झालं तोवर मळेवाले आले. संध्याकाळ त्यांनी सांगितली होती, पण त्यांना घरी करमेना. टेम्पो बाहेर लावून दाराजवळच्या बाकावर बसले आणि मला ब्लॉकवर वाकलेली पाहून म्हणाले, "हे काय, ही तपासणार? हिला पुस्तकातलं येत असेल."

"पुस्तकं डोळ्यांनी वाचतात," आई आतून म्हणाली. "इथे डोळे मिटायचे आहेत. चहा घेणार का?"

"घेऊ की."

काकांनी ब्लॉक साखळीने वर उचलला, बाकापासून वीतभर, मोकळा लोंबकळेल असा. मी लहान हातोडीने त्याला हलकेच ठोकत गेले. पुढच्या बाजूला तो वाजला. स्वच्छ, लांब घुमणारा नाद. धड लोखंड असं वाजतं. मागे सरकत गेले. वाजतोय, वाजतोय. झडपा उचलणारे पुशरॉड जातात त्या बाजूला, पाण्याच्या कप्प्याच्या भिंतीवर ठोकलं आणि आवाज बसला. फुटक्या माठासारखा. मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच.

काका उठून जवळ आले. मळेवाले चहा हातात धरून बाकावर पुढे सरकले.

"खडू," मी म्हणाले.

त्या भिंतीवर मी रॉकेल फासलं आणि ते मुरू दिलं. मग कोरड्या फडक्याने पुसलं, अगदी ओलसरपणा जाईपर्यंत. काकांनी खडू किसणीवर किसून दिला होता; ती पूड चिमटीने वर भुरभुरवली. भिंत पांढरी झाली. आम्ही वाट बघत राहिलो. मळेवाले म्हणाले, "काहीच नाही की," आणि तेवढ्यात पांढऱ्यात एक ओली, काळसर रेघ उमटायला लागली. आत दडलेलं रॉकेल खडूत झिरपत होतं. रेघ केसाएवढी बारीक, वाकडी, भिंतीच्या मधून तळाकडे उतरत गेलेली. कुणी पेन्सिलने हळूहळू ओढावी तशी आमच्या डोळ्यांदेखत लांब होत गेली.

"भेग," काका म्हणाले. त्यांनी श्वास सोडला. "पाण्याच्या कप्प्यातून सरळ ऑइलमध्ये. मळेवाले, खरं सांगा. इंजिन तापलं होतं?"

"तापलं होतं थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"म्हणजे... जवळ उभं राहवत नव्हतं."

"मग?"

मळेवाल्यांनी चहाकडे पाहिलं. "मग काय. आमच्या मेहुण्याने वर बादली ओतली."

"थंड पाण्याची?"

"नदीचंच पाणी हो. तो म्हणाला, तापलंय तर गार करू. त्याला आम्ही घरात कुठल्या कामाला हात लावू देत नाही, पण नेमका त्या दिवशी तोच होता."

काका हसले. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोकळे हसले. "तापल्या लोखंडावर थंड पाणी! अहो, बायकोच्या भावाला इंजिनपासून दूर बांधून ठेवा." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, ऐकलंत ना? दादाच्या कामाचा संबंधच नाही. भेग मी पिना मारून शिवतो. ब्लॉक जगला."

मळेवालेही ओशाळं हसले. "लोकांना सांगतो मी. मिस्त्रींचं नाव उगाच घेतलं."

इथे थांबता आलं असतं. फडकं माझ्या हातात होतं, ते बाकावर टाकलं असतं की झालं. पण तपासणी अर्धी सोडायची नाही, हेही बाबांचंच. एक दोष सापडला की माणूस दुसरा शोधायचं थांबतो, आणि दुसरा तिथेच बसून असतो.

"सिलिंडर राहिलेत," मी म्हणाले.

"त्यांची काय गरज आता?" काका म्हणाले. "सापडलं ना."

आईने बादलीत साबण टाकून ती माझ्यापुढे सरकवली. मी हात धुतले, कोरडे केले. डोळे मिटले.

पहिला सिलिंडर. बोट वरच्या काठावर ठेवलं. जिथे पिस्टनची रिंग पोचत नाही तिथे लोखंड झिजत नाही, आणि त्याखालचं झिजतं. त्यामुळे कालांतराने वर एक ओठ तयार होतो. नख अडकलं तर झीज जास्त. माझं नख अडकलं नाही. त्याखाली होनच्या तिरक्या रेघा लागल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, बारीक, ताणून बसवलेल्या रेशमासारख्या. उन्हाळाभर इंजिन धावलं होतं, तापून फुटलं होतं, आणि रेघा तशाच होत्या. समोर, मागे, डावीकडे, उजवीकडे. वरपासून तळापर्यंत एकसारख्या. मला त्या रेघांत बाबांचा हात ओळखू आला. घाई नसलेला, वर जाताना आणि खाली येताना एकाच चालीने जाणारा. मी जगातलं बरंच काही वाचलं आहे. इतकं स्वच्छ लिहिलेलं फार थोडं आहे.

"बरं आहे," मी म्हणाले.

काका पुटपुटले, "असणारच."

दुसरा सिलिंडर. ओठ नाही. रेघा आहेत. समोरून खाली गेले, निम्म्यापर्यंत, त्याच्याही खाली. आणि तळाकडे, शेवटच्या चार बोटांत, रेघा संपल्या. काचेसारखं गुळगुळीत लागलं. बोट दुसऱ्या बाजूला नेलं. तिथेही तेच. आणि बोटाला कळलं की भिंत किंचित जवळ आली आहे. होन तिथवर पोचलंच नव्हतं. पिस्टन खाली आला की तिथे आवळून जात असणार, दर फेरीला.

मी डोळे उघडले नाहीत. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. तीच जागा.

माझा चेहरा काकांना दिसला असावा. ते माझ्या खांद्याशी आले आणि अगदी हळू म्हणाले, "पोरी, बरं आहे म्हण. कुणाला कळायचं नाही. मी शिवताना गुपचूप घासून टाकतो."

मळेवाल्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतल्याचा आवाज आला.

मी डोळे उघडले. "खाली आवळतो आहे," मी म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "शेवटच्या चार बोटांत होन गेलेलं नाही. गेज लावून बघा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गेज आणलं, सिलिंडरमध्ये सोडलं. वर सुई स्थिर होती. खाली नेताना ती स्थिर राहिली, राहिली, आणि तळाशी सरकली. काकांनी गेज पुन्हा वर आणलं, पुन्हा सोडलं. सुई पुन्हा सरकली.

"म्हणजे?" मळेवाले म्हणाले.

"म्हणजे पिस्टन तिथे घासत होता," काका मान खाली घालून म्हणाले. "इंजिन तापायला त्याचाही हातभार असेल."

"मग मेहुण्याचा दोष नाही?"

"आहे. पण सगळा नाही."

मळेवाल्यांनी रिकामा कप बाकावर ठेवला. मला वाटलं, आता उठतील आणि जातील, आणि त्यांच्याबरोबर वरच्या टेकाडावरची सगळी इंजिनं. आई दारातून पुढे आली. ब्लॉकजवळ उभी राहिली. तिने बोट आत घातलं नाही, फक्त काठावर ठेवलं.

"मला तेव्हाच लागलं होतं," ती म्हणाली.

काकांनी मान वर केली.

"हीच जागा. मला लागलं, आणि मी बरं आहे म्हणाले. काम त्यांचं होतं, पण सोडलं मी. मळेवाले, भेग तुमच्या मेहुण्याची. आवळ आमच्या दुकानाची. दोन्ही आम्ही नीट करून देऊ. तुम्हाला न्यायचं असेल तर ब्लॉक तुमचा आहे."

मळेवाले पुढे वाकले. गुडघ्यांवर हात ठेवून, ब्लॉककडे बघत. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही बोलला नसता तर मी आनंदात घरी गेलो असतो. मेहुण्याला वर्षभर ऐकवलं असतं."

"मग?"

"मग काय. अर्धंच ऐकवेन." ते उठले, कमरेवर हात ठेवून ताठ झाले. "भंगारवाल्याला सांगतो, येऊ नको. आणि लोकांना काय सांगू?"

"पोरीने सांगितलं तेच."

ते बाहेर गेले. टेम्पोत बसण्याआधी मागे वळून माझ्याकडे पाहून म्हणाले, "मिस्त्रींचीच पोर," आणि दार दोनदा आपटून लावलं, कारण ते एकदा आपटून लागत नसे.

काका भेगेच्या टोकांना भोकं पाडायला बसले, म्हणजे ती पुढे धावू नये. मी आणि आई मागच्या पायरीवर हात धुवायला गेलो. लाकडाचा भुसा आणि साबण, भुसा आणि साबण. काळं सहजी जात नव्हतं.

"का म्हणालीस बरं आहे?" मी विचारलं.

ती हात चोळत राहिली. "तुझ्या बाबांनी होन बाहेर काढलं आणि ते भिंतीला टेकले. उभं राहवत नव्हतं. घामाने ओले. हात असे." तिने स्वतःचा ओला हात थरथरवून दाखवला. "मला म्हणाले, बघ. मी बघितलं. अजून एकदा म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यांच्याकडे पाहिलं. आणि मीच बरं आहे म्हणाले."

"त्यांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? माझ्याकडे बघितलं. म्हणाले, 'तुझं बोट थकलंय आज.' इतकंच." तिने पाणी ओतलं. "सकाळी मी उठले तर गॅरेजात होते. होन हातात घेऊन ब्लॉकपुढे उभे. उचलत होते. उचलवलं नाही गं ते त्यांना. मग मळेवाल्यांचा टेम्पो आला."

मी तिच्या हातावर पाणी ओतलं, तिने माझ्या. दोघींनी एकच फडकं वापरलं.

काका दोन दिवस भेग शिवत होते. भोक पाडायचं, आटे काढायचे, बिडाची पीन पिळून बसवायची, तिला अर्धी चावेल असं पुढचं भोक पाडायचं. एकीला एक धरून पिनांची रांग भेगेवरून तळापर्यंत गेली. मग कानशीने घासून भिंतीशी सारखी केली. कप्प्यात पाणी भरून, दाब देऊन पाहिलं. पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. या वेळी खडू पांढराच राहिला. मी हातोडीने ठोकलं आणि ब्लॉक पुढून मागेपर्यंत एका आवाजात वाजला. तो आवाज घरात गेला असणार, कारण आतली भांड्यांची खडखड थांबली.

मग काकांनी होन उचललं आणि दुसऱ्या सिलिंडरच्या तळाशी लावलं. तेल टाकत, थांबत, पुन्हा फिरवत. तोच आवाज. मी बाकावर पुस्तक उघडून बसले होते. एक ओळही वाचली नाही. दारात मळेवाले ब्लॉक न्यायला आलेले, टेम्पोच्या पायरीवर बसलेले.

काकांनी होन बाहेर काढलं, सिलिंडर पुसला, आणि सवयीने आत तोंड करून हाक मारली, "वहिनी!"

आई दारात आली. हात मागे बांधून उभी राहिली. "मला कशाला हाक मारता, भाऊजी?"

काकांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साबणाची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

मी हात धुतले. कोरडे केले. डोळे मिटले. बोट वरून खाली जाऊ लागलं. बाबांच्या रेघा, तिरक्या, एकसारख्या. त्या कुठे संपतात आणि काकांच्या कुठे सुरू होतात ते मला कळलं. काकांचा हात जरा जड आहे. भिंत आता जवळ येत नव्हती. समोर नाही, मागे नाही, डावीकडे नाही. उजवीकडे अगदी तळाला, नखाएवढ्या जागेत, अजून थोडी काच होती.

डोळे उघडले. काका घामाने निथळत होते. मनगट दुसऱ्या हाताने चोळत होते. मळेवाले पायरीवरून उठून दाराशी आले होते. टेकाडावर उन्हं कलायला लागली होती, आणि वर पीक पाण्याची वाट बघत होतं.

"अजून एकदा," मी म्हणाले.

काकांनी का म्हणून विचारलं नाही. मळेवाले परत जाऊन पायरीवर बसले आणि आतल्या बाजूला मोठ्याने म्हणाले, "वहिनी, चहा टाकता का? वेळ लागेल असं दिसतंय."

"टाकलाय," आई म्हणाली.

काकांनी होन उचललं.